खात्यापित्या घरचे

बडनेऱ्याचा हा लग्नाचं शूटिंग करणारा गडी माझ्या सॉफ्टवेअरचं पहिलं गिऱ्हाईक, तेही फुकटातलं. कॅसेटवरून उतरवलेले जुने व्हिडिओ मोबाईलवर चालतील असे करून देणारं ते सॉफ्टवेअर मी अमरावतीत घरी बसून लिहिलं. कच्ची आवृत्ती त्याला दिली, सोबत अभिप्रायाचा फॉर्म. 'अडचण काय?' यापुढे त्यानं लिहिलं, 'आहे.'

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. हेल्मेट तो कधी काढत नाही. काच वर करतो, चहा पितो आणि तसाच बोलतो.

"साहेब, तुमच्यातून नवरी जाडी होऊन निघून राहिली. काहून?"

पाहिलं तर खरंच. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं जात होतं. नवरी, भटजी, बँडवाले, सगळे आडवे वाढले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस खपून मी ती चूक काढली.

तो पुन्हा आला. काच वर.

"आता बारीक झाले सारे. पन पार्टी नाराज आहे. नवरदेवाची माय म्हणे, तवा आमचं पोरगं निस्ती काडी होतं, तुमच्या पयल्या व्हिडिओत भरलेलं दिसलं. तसंच द्या."

"अहो, ती चूक होती."

"मंग चुकीले बटन द्या."

दिलं. नावही त्यानंच ठेवलं, 'खात्यापित्या घरचे'. लोक नेमकं तेच दाबतात, याचा मला अजून राग येतो.

परवा त्याचा नवा फॉर्म आला. 'अडचण काय?' यापुढे लिहिलं होतं, 'होती.'