न फिरवलेलं रीळ

"रीळ फिरवलं नव्हतं का कोणी? बोला ना आता. तिघंही मुके झाले का?"

कुसुमताई न्हाणीघरातून ओरडत होत्या. दाराला आतून आणि बाहेरून जाड काळं कापड ठोकलेलं, तरी त्यातून तो आवाज असा आला की अंगणातल्या कडुनिंबावरचे कावळे उठून थेट कामठीला जाऊन बसले असावेत. आवाजामागोमाग आला तो वास. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या त्या पाण्याचा, आंबूस, दमट, किंचित काडेपेटीसारखा वास. आजही कुणी सिरक्याची बाटली उघडली की माझ्या तोंडाला पाणी सुटत नाही, छातीत धडधडतं. काही गंधांचं असंच असतं. ते नाकात शिरत नाहीत, सरळ त्या दिवसात शिरतात आणि तिथलं दार आतून लावून घेतात.

ओसरीवर आम्ही तिघं होतो, मी, सुधाकर आणि नंदलाल. मे महिन्यातली नागपूरची दुपार म्हणजे काय हे ज्यानं भोगलं नाही त्याला काय सांगावं? मी त्या दुपारी एका कुत्र्याला स्वतःच्याच सावलीत बसण्याचा प्रयत्न करताना पाहिलं आहे, आणि तो यशस्वी झाला होता हेही शपथेवर सांगतो. पण त्या क्षणी आमच्या अंगावर काटा होता. कारण त्या रिळात सुधाकरच्या मायचा फोटो होता. तिचा पहिलाच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती करायचं होतं.

आमचं मंडळ चौघांचं. कुसुमताई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांच्या धंतोलीच्या घरातल्या न्हाणीघराला खिडकी नव्हती, या एका गुणावर ते आमचं अंधारघर झालं होतं. नंदलाल राहायचा जरीपटक्याला आणि कापडाचं दुकान चालवायचा गांधीबागेत. दाराचं काळं कापड त्यानंच आणलेलं, इतकं दाट की त्यातून आत यायचं तर सूर्यालाही अर्ज करावा लागला असता. सुधाकर तारघरात कारकून. आणि मी? मंडळात बोलणारा कुणी तरी लागतोच. चौघांत कॅमेरा एक. तो लाडक्या लेकीसारखा आज या घरी, उद्या त्या घरी राहायला जायचा, आणि त्याच्या पोटातलं रीळही चौघांचं. एकानं दोन फोटो काढावेत, मग कॅमेरा पुढच्याकडे जावा. रीळ संपलं की येणाऱ्या रविवारी दुपारी ताईंकडे जमायचं.

आम्हांला गुरू नव्हता. हौस हीच आमची शाळा, आणि त्या शाळेत चारही विद्यार्थी एकमेकांचे मास्तर. ताई फिल्मची दोन्ही टोकं हातांत धरून ती परातीतल्या औषधात झोक्यासारखी खालीवर करायच्या. औषध तापू नये म्हणून परातीखाली बर्फ ठेवावा लागे, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात नळाच्या पाण्यात फिल्म धुतली तर तिच्यावरचा थर सायीसारखा गोळा होऊन हातात येतो. एकदा तर माझ्या फोटोतला आमच्या गावचा शुक्रवारी तलाव असा वितळला की खालच्या फोटोतली माणसं भिजली.

फोटो तयार झाले की ओसरीतल्या दोरीला चिमट्यांनी टांगायचे. कुणाचा कोणता ते सांगायचं नाही, ज्याचा असेल त्यानं गप्प बसायचं, आणि इतरांनी आधी एक दोष सांगायचा, मग एक गुण. किती शहाणपणा होता त्या पोरकट नियमात! आपल्या वस्तूची निंदा चालू असताना आपण परके होऊन ऐकावं, यापेक्षा मोठी साधना ती कोणती? मी मात्र स्वतःच्या फोटोला सगळ्यांत आधी, सगळ्यांत कडक नावं ठेवायचो. मग दया येऊन बाकीचे त्याची स्तुती करत.

पण एका प्रश्नावर आमचं एकमत कधीच झालं नाही. आमचा कॅमेरा साधा, पेटीसारखा. कडेला एक खुंटी. ती फिरवली की आतलं रीळ पुढे सरके आणि फिल्मचा नवा तुकडा भिंगासमोर येई. ती फिरवायला विसरलं तरी कॅमेरा तक्रार करत नसे. कळ दाबली की मुकाट्यानं जुन्या फोटोवरच नवा फोटो चढवी. मग खुंटी फिरवायची कधी, फोटो काढल्यावर की काढण्याआधी? सुधाकरचं मत, आधी. फिरवून ठेवलेली फिल्म उन्हाळ्यात सैल पडते, फोटो पुसट येतो. नंदलालचं मत, नंतर. गिऱ्हाईक गेलं की कापडाचं थान गुंडाळून ठेवावं, पुढच्या गिऱ्हाइकासमोर गुंडाळत बसू नये. या वादानं कित्येक रविवार खाल्ले. ताईंनी निकाल राखून ठेवला होता. मी दोघांनाही, एकेकटे भेटत तेव्हा, "तूच बरोबर आहेस" असं सांगत असे. दोघंही बरोबरच होते. एकट्या माणसाच्या हातात दोन्ही रीती निर्दोष होत्या. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्ये जी फट पडते तिचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. माणसांच्या किती तरी गोष्टी याच फटीत पडून हरवत असतील, नाही?

आता मायबद्दल सांगतो. इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या घरात भिंतीवर वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण चौकटीत लावलेलं होतं. धम्मदीक्षेच्या दिवशीच्या गर्दीचा फोटो. माणसं नव्हेत, तिळाचे दाणे. क्षितिजापर्यंत पांढरं. त्या दिवशी माय तिथे पांढरं लुगडं नेसून उभी होती. कुणीही घरी आलं की ती कात्रणावर बोट ठेवून सांगायची, "इथं आहो मी. दिसून नाही राहिली, पण आहो." दर वेळी बोट वेगळ्या ठिकाणी पडे. आम्ही हसलो तर म्हणायची, "हसता काहून बाबू? तुमचा डोळा कच्चा आहे." आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा पुरावा डोळ्यांसमोर टांगलेला असावा, आपण त्यात आहोत याची खात्री असावी, आणि आपण नेमके कुठे ते मात्र कळू नये, ही कसली तहान असेल!

सुधाकर वर्षभर तिच्या मागे लागला होता. ती फोटोला बसत नव्हती. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला आणि ती आपणहून म्हणाली, "काढ. पण एकच. मी काही नटी नाही घडीघडी बसायले." शुक्रवारी सकाळी ती तेच जपून ठेवलेलं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली, मागे घराच्या काळोखाचं उघडं दार. सुधाकरनं आधी खुंटी फिरवली, मग कळ दाबली. फोटो झाला. त्याच्या रीतीप्रमाणे खुंटी तशीच राहिली. शनिवारी कॅमेरा नंदलालकडे गेला. त्यानं गांधीबागेत दुकानाच्या गच्चीवरून भर बाजाराचा फोटो काढला आणि मग, त्याच्या रीतीप्रमाणे, खुंटी फिरवली.

म्हणून त्या दुपारी, ताईंचा आवाज विरण्याआधीच, नंदलाल म्हणाला, "मैंने तो घुमाया ना, गा. फोटो काढला का लगेच फिरवतो मी."

सुधाकर म्हणाला, "अन् मी काढायच्या आधी फिरवतो."

दोघांपैकी कुणाचाही आवाज चढला नाही. दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली गेली, आणि त्यांच्यामधली फट आम्हां तिघांना एकदमच दिसली. एरवी याच वादावर तासभर तोंडं वाजवणारी ही माणसं, त्या दिवशी कुणी कुणाला "पाहा, मी सांगत होतो" असंही म्हणालं नाही. नंदलालनं फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली. मी बोलणारा माणूस. माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही. माझ्या ओळखीच्या लोकांना हे सांगितलं तर ते आधीच्या कुत्र्यावर विश्वास ठेवतील, यावर ठेवणार नाहीत.

ताई निगेटिव्ह घेऊन बाहेर आल्या. पदरानं कपाळ पुसत त्यांनी ती उन्हासमोर धरली. निगेटिव्हमध्ये सारं उलटं असतं, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. त्यामुळे त्या तुकड्यावर नुसतं गढूळ दिसत होतं. मधोमध काळा डाग, भोवती वळवळणारं काही. "मला काहीच कळून नाही राहिलं," ताई म्हणाल्या, आणि इतका वेळ ओरडणाऱ्या त्या बाईंचा आवाज एकदम खाली आला. सुधाकर हळूच म्हणाला, "संध्याकाळी मायले दाखवतो म्हणून सांगितलं मी." त्या वाक्यातली भीती आम्ही चौघांनी ऐकली. माय परत आली नाही तर? तर घरात तिचा म्हणून राहील तो हाच फोटो. एका बाजाराखाली गाडलेला.

निगेटिव्ह वाळायला आमच्याकडे वेळ लागत नाही. दुपारच्या गरम वाऱ्याची लू हेच आमचं यंत्र. ताई पुन्हा आत गेल्या. या वेळी लाल दिवा होता, म्हणून आम्हीही मागोमाग घुसलो आणि चार डोकी एका परातीवर वाकली. आमचे फोटो निगेटिव्हएवढेच निघत, तळहातात मावणारे. कोऱ्या कागदावर आधी काहीच नव्हतं. मग कडेला एक रेघ आली. मग टोप्या. हमालाच्या डोक्यावरचं कापडाचं गाठोडं. हातगाडीचं चाक. बाजार चारही बाजूंनी उगवत आला, आणि माझ्या खांद्याला लागून उभा असलेला सुधाकर आणखी खाली वाकला. मध्ये मात्र कागद कोराच होता. कोरा, कोरा, आणि मग त्या कोऱ्याला घड्या पडल्या. निऱ्या उमटल्या. पदर उमटला. वर हळूहळू एक चेहरा आला, गालावर कुणाच्या तरी टोपीची पुसट कड, पण डोळे सरळ आपल्याकडे.

सवयीनं ताईंनी तो ओसरीतल्या दोरीला टांगला. नाव सांगायचं नाही हा नियम, आणि कुणाचा ते सगळ्यांना माहीत.

"बोला ना," सुधाकर म्हणाला. "आधी दोष."

"गर्दी जास्त आहे," नंदलाल म्हणाला.

मग ताई बोलल्या. "पण लुगड्यावर नाही चढली, पाहा. दाराच्या काळोखात शिरली सगळी."

खरंच होतं ते. आम्ही त्या दिवशी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकानं शिकवलं नसतं. जिथं प्रकाशानं आधीच सारी जागा घेतली आहे तिथं दुसऱ्या प्रकाशाला पाऊल ठेवायला जागाच उरत नाही. गांधीबागेतला तो अख्खा बाजार मागच्या काळोखात दाटीवाटीनं उभा राहिला होता, आणि त्याच्यापुढे, एका घडीलाही डाग न लागता, ते पांढरं लुगडं. विद्या म्हणून हे ठीक होतं. पण विद्या मायला काय सांगणार? तिनं एकटीचा फोटो मागितला होता.

उन्हं कलल्यावर आम्ही चौघंही इंदोऱ्याला निघालो, सायकलींवर, ताई रिक्षात. ऑपरेशनचं आत्ताच सांगून टाकतो: माय दवाखान्यातून परत आली, आणि पुढे कित्येक वर्षं आमच्या फोटोंना दोषच दोष सांगत राहिली, गुणाचा नियम तिनं कधी पाळला नाही. फोटो टांगावेत, माणसाला टांगून ठेवू नये, असं माझं मत आहे. पण त्या संध्याकाळी हे आम्हांला कुठे ठाऊक होतं? सुधाकरच्या खिशात तो तळहाताएवढा कागद होता आणि त्याचा एक हात हँडलवर, दुसरा सारखा खिशावर. खिशातून हायपोचा तोच आंबूस वास येत होता. घाईत फोटो पुरता धुतला गेला नव्हता. इतक्या वर्षांनी वाटतं, गर्दीतून वेगळं निघावं म्हणून आपण धडपडतो, की गर्दीतच आपण कुठे उभे आहोत ते एकदा नीट कळावं म्हणून? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. सापडलं असतं तर मी एवढा बोललो नसतो.

घरी दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. माय उंबऱ्यावरच बसली होती. सुधाकरनं फोटो दिला आणि ती काही बोलायच्या आधीच घाईघाईनं सगळं सांगत सुटला, खुंटी, नंदलाल, बाजार. ती ऐकत नव्हती. तिनं फोटो दूर धरला, जवळ धरला, उजेडाकडे फिरवला. मग तिचं बोट निघालं. भिंतीवरच्या कात्रणावर भटकणारं ते बोट आम्हांला पाठ होतं. या वेळी ते कुठेही फिरलं नाही. सरळ मधोमध जाऊन टेकलं.

"माय, चुकलं वं आमचं," सुधाकर म्हणाला. "नवं रीळ आणतो. सकाळी निघायच्या आधी पाच मिनिटं बसशील का? पुन्हा काढू का?"

"काहून?" माय म्हणाली. "दिसून तर राहिली मी."