नाकेदारभाऊंचा अभिप्राय

नाकेदारभाऊ वाचलेलं पुस्तक परत आणायचे ते दोन बोटांच्या चिमटीत धरून, मेलेला उंदीर बाहेर टाकायला निघाल्यासारखे. माझ्या टेबलावर ठेवायचे, बोटं धोतराला पुसायचे आणि म्हणायचे, "छ्या." पुस्तक प्रेमकथेचं असो, प्रवासाचं असो की थोरामोठ्यांच्या चरित्राचं, बोटं पुसली जायचीच. बल्लारपुरातल्या आमच्या वाचनालयात त्यांचं खरं आडनाव फक्त सभासदांच्या वहीत होतं. सगळी नोकरी जंगलात नाकेदार, म्हणजे वनरक्षक म्हणून केलेली, म्हणून तोंडावर नाकेदारभाऊ. पाठ वळली की छ्याभाऊ.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. जिल्ह्याचे नुकतेच दोन तुकडे झाले होते आणि चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, निम्म्या नातेवाइकांचा पत्ता एका फटक्यात गडचिरोली झाला होता. मी दिवसा शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी दोन तास वाचनालय सांभाळायची. आमच्या अध्यक्षांनी एक नियम काढला होता. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं डकवायची आणि वाचकानं त्यावर एक तरी ओळ अभिप्राय लिहिल्याशिवाय पुस्तक परत घ्यायचं नाही. लोक खरंच वाचतात की नुसते नेतात, हे कळावं असा हेतू. कळलं ते वेगळंच. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलेल्या बोटांचे ठसे, भाजीचे डाग, "छान", "बरे आहे", "वरील गृहस्थ गाढव आहेत". मला त्या पानांचा मनापासून तिटकारा होता.

त्यात नाकेदारभाऊंचे अभिप्राय मात्र मी आवडीनं वाचायची. एका निसर्गवर्णनाच्या पुस्तकावर त्यांनी लिहिलं होतं, "लेखकाने मोहवृक्ष पाहिलेला नाही. भर पावसाळ्यात फुलवला आहे. किळस आली." एका गाजलेल्या कौटुंबिक कादंबरीवर, "सर्व जण रडतात, काम कोणी करत नाही. किळस." बोलताना ते अस्सल झाडीकडचे, पण लिहायला बसले की जुन्या सरकारी कागदासारखं शुद्ध लिहीत.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त फिरलेलं पुस्तक म्हणजे एक जुनी गुप्तहेर कादंबरी. तिचं मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं केव्हाच गेली होती, त्यामुळे नाव कोणालाच माहीत नव्हतं. नायक टोपी घालतो म्हणून सगळे तिला 'टोपीवाला' म्हणत. हा टोपीवाला सकाळी न्याहारीला दारू प्यायचा, बायकांशी तुसडेपणानं बोलायचा, बायका तरी त्याच्यावर भाळायच्या, आणि पोलिसांना जे महिनाभरात जमत नाही ते हा दोन दिवसांत करायचा. गावच्या कागद गिरणीतल्या लोकांना तो फार प्रिय. फिटर वासनिकनं तर ती इतक्या वेळा नेली होती की अभिप्रायाच्या पानांवर त्याच्या सह्याच सह्या. कोणी नतद्रष्टानं "खुनी वकील आहे" असं मध्येच लिहून ठेवलं होतं, त्याखाली चौघांनी त्याचा उद्धार केला होता.

सगळ्यांचं आवडतं पान चौसष्टावं. तिथे टोपीवाला हॉटेलात कपबशा धुणाऱ्या एका माणसाला मागच्या बोळात नेतो, त्याचे दोन दात पाडतो आणि दोन मिनिटांत हवं ते नाव काढून घेतो. मग हात पुसतो, सिगारेट पेटवतो आणि निघून जातो. तो कपबशीवाला पुस्तकात पुन्हा येत नाही. या पानाच्या कडेला पेन्सिलीनं "वा!", "शाबास", "असाच पाहिजे" अशी दाटी. आणि शेवटी, अभिप्रायाच्या पहिल्या पानावर, पहिली ओळ ग्रंथपालाची असावी म्हणून माझी होती. वळणदार अक्षरात मी लिहिलं होतं, "नायक खमक्या आहे. गुन्हेगारांशी असेच वागले पाहिजे."

नाकेदारभाऊंनी ही कादंबरी सात वेळा नेली. सातही वेळा एकच शब्द लिहिला, "किळस". वासनिकनं त्याखाली लिहिलं, "किळस येते तर काऊन नेता?" सगळं वाचनालय हसलं. मीसुद्धा भाऊंना म्हटलं की तुम्हाला टोपीवाल्याचं व्यसन लागलंय. त्या दिवशी ते बोटं जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

पुढे 'टोपीवाल्या'ची पानं इतकी सुटी झाली की नवी प्रत मागवावी असं ठरत होतं. वार्षिक सभेत, रविवारी सकाळी, अध्यक्षांनी वाचकांची मतं विचारली. वासनिक उठून भरभरून बोलला. दोघातिघांनी माना डोलावल्या. मग नाकेदारभाऊ उभे राहिले आणि म्हणाले की चौसष्टाव्या पानावर बोलायचं आहे.

ते म्हणाले, हे पान खोटं आहे. "मारल्यावर माणूस खरं नाई बोलत. ज्यानं मार थांबन, ते बोलते."

कोणीतरी हसलं. भाऊ थांबले नाहीत. जिवतीकडच्या डोंगरात ते नोकरीला असताना लच्चू नावाच्या एका गोंड शेतकऱ्याच्या बैलगाडीत त्यांना सागाचं लाकूड सापडलं होतं. लच्चू म्हणत होता, घराच्या आढ्यासाठी मंजूर झालेलं झाड आहे, तुम्हीच हातोडा मारून निशाणी केली होती. ही निशाणी झाडाच्या अगदी बुडाशी मारतात, म्हणजे झाड नेलं तरी बुडख्यावर ती राहते आणि तपासता येते. पण भाऊंचा हातोडा त्या मोसमात शेकडो झाडांवर पडलेला. हे एक झाड त्यांना आठवेना. हा माणूस तोंड वर करून खोटं बोलतोय असं वाटून त्यांचं डोकं फिरलं.

"बुडखा पाहाले दोन कोस चालत जा लागत होतं," ते म्हणाले, "अन् मारनं जवळ होतं. कोनं सांगतलं नव्हतं मले. मीच मारलो."

लच्चूनं चोरी कबूल केली, अंगठा दिला आणि तुरुंगात गेला. त्याचं घर तो पावसाळा छपराविना राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात वणवा अडवण्यासाठी जाळरेषा साफ करताना भाऊंनी पालापाचोळा बाजूला केला, तर खाली बुडखा. त्यावर त्यांच्याच हातोड्याची निशाणी. त्यांनी पालापाचोळा परत ओढून घेतला आणि पुढे निघून गेले. अकरा वर्षं झाली होती त्याला.

वासनिकनंच विचारलं, "मंग त्या मानसाले सांगतलं का तुमी?"

नाकेदारभाऊ खाली बसले. नव्या प्रतीचा विषय त्या दिवशी पुन्हा कोणी काढला नाही.

मी वाचनालय बंद करण्याआधी ती कादंबरी उघडली आणि माझी वळणदार ओळ वाचली. मला स्वतःचीच शिसारी आली. मुलांना शिकवणारी बाई मी. सात वेळा एक म्हातारा माझ्या ओळीखाली एक शब्द लिहून गेला आणि मी त्याला व्यसनी म्हणून मोकळी झाले. त्या कपबशीवाल्यानं केलं काय होतं? गुन्हेगार तो नव्हताच. एवढं साधं मला पुस्तक वाचून कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नाकेदारभाऊ जिवतीच्या एसटीत बसले. आठ दिवस त्यांचा पत्ता नव्हता. मला धाकधूक वाटत होती की तो माणूस जिवंत तरी असेल का, आणि असला तर यांना उंबऱ्यापाशी उभं करेल का. मग एका संध्याकाळी भाऊ आले, हातात पिशवी घेऊन. वडशाला मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. गाडीला वेळ होता, म्हणून बसले.

लच्चू भेटला होता. ओळखलंही होतं त्यानं. भाऊंनी सगळं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, चल, बुडखा दाखव. दोघं म्हातारे दोन कोस चालत गेले. भाऊंना जागा बरोबर सापडली, पण तिथे काही नव्हतं. एवढ्या वर्षांच्या वणव्यांनी बुडखा मुळासकट जाळून टाकला होता.

"मी म्हणालो, लच्चू, आता मायाजवळ पुरावा नाई," भाऊ सांगत होते. "तुले वाटन बुढा मनाचं सांगून राह्यला."

मी विचारलं, मग तो काय म्हणाला?

मी पुढे केलेला पाण्याचा पेला भाऊंनी बाजूला सरकवला.

"म्हणाला, तू म्हणतं ना निशाणी होती, मंग होती. अन् वापस निघाला." त्यांनी पिशवी उचलली. "तवा इतकंच मागत होता तो मले, बाई. तेवढं बी मी देलो नाई."