तळव्यांना कळतं

माझा नवरा अनवाणी गाडी चालवायचा. चपला काढून मागच्या सीटखाली सरकवायच्या, पाय पायपुसण्यावर घासायचे आणि मग किल्ली लावायची, असा त्याचा शिरस्ता. कोणी विचारलं की म्हणायचा, गाडी हातांनी नाही, तळव्यांनी चालवतात. क्लच कुठे पकडतो, ब्रेक किती दाबायचा, इंजिनाला धाप लागलीय का, सगळं तळव्यांना कळतं. मध्ये चपलेचा सोल आला की निम्मी बातमी पोचतच नाही. लग्नाच्या सुरुवातीला मला हे ऐकायला गोड वाटायचं. पुढे पुढे हे वाक्य सुरू झालं की मी खिडकीबाहेर बघायचे.

आम्ही मूळचे पुण्याचे. त्याला लखनऊच्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली, मी बँकेतून बदली मागून घेतली, आणि दोन-चार वर्षांत परत जाऊ म्हणता म्हणता अलीगंजात स्वतःचं घर झालं. दोन हजार सालच्या आसपास आम्ही पहिली गाडी घेतली. शोरूमवाला पॉवर स्टिअरिंगची गाडी दाखवत होता, म्हणत होता, "सर, एक उंगली से घूमती है, मैडम भी चला लेंगी." नवऱ्याने तोंड वाकडं केलं आणि शेजारची साधी गाडी पसंत केली. मॅडमला कोणी काही विचारलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण हा माणूस दिवसभर प्रयोगशाळेत यंत्रांच्या आकड्यांवर जगायचा. तिथे पडद्यावर जो आकडा येईल तो खरा, त्यावर शोधनिबंध लिहायचे, परिषदांमध्ये भांडायचं. आणि संध्याकाळी गाडीत बसला की पेट्रोलचा काटा खोटा. काटा अर्ध्यावर असला तरी हा खाली उतरणार, गाडीचा मागचा भाग दोन्ही हातांनी गदागदा हलवणार आणि कान लावून पेट्रोलचा आवाज ऐकणार. शेजारच्या मिश्राइनने एकदा मला हळूच विचारलं होतं, "भाभीजी, भाई साहब की तबीयत ठीक है ना?" मी म्हटलं, हो, सायंटिस्ट आहेत.

मग फोनमध्ये नकाशे आले. रस्ता सांगणारी ती बाई आमच्या गाडीत आली आणि माझ्या डोक्याला नवा ताप झाला. तिने डावीकडे म्हटलं की हा हटकून उजवीकडे वळायचा. वळल्यावर ती शांतपणे नवा रस्ता शोधायची, त्याचाही ह्याला राग. "हिला स्वतःचं मत नाही," म्हणायचा. एकदा माझ्या बहिणीला चारबाग स्टेशनला सोडायला निघालो होतो. पुढे जाम आहे असं नकाशा लाल रेघ दाखवून सांगत होता, आणि हा म्हणत होता की ह्या वेळेला तिथे जाम नसतो, मी इथे इतकी वर्षं गाडी चालवतोय. बहिणीची गाडी चुकली. स्टेशनाबाहेर ऑटो आणि हमालांच्या गर्दीत बॅगा घेऊन आम्ही उभे, आणि हा म्हणतो काय, "त्या बाईने मला बिथरवलं." बहीण पुढे लखनऊला आली ती ऑटोनेच फिरली.

त्याला साथ द्यायला एक जण होता. मूळचा नागपूरचा, एका सरकारी कंपनीत अधिकारी, आमच्यासारखाच इथे येऊन रुजलेला. रविवारी सकाळी तो यायचा, मी पोहे करायचे, आणि दोघं गाड्यांवर बोलत बसायचे. आमची मुलगी तेव्हा इंजिनिअर होऊन बेंगळुरूला लागली होती. ती सुट्टीवर आली असताना एका रविवारी तिने ह्या दोघांना फोनवर एक चित्रफीत दाखवली. गाडी रस्त्यावरून चाललीय, आत माणसं बसलीत, आणि स्टिअरिंग आपोआप फिरतंय.

दोघांनी ती शेवटपर्यंत पाहिली. मग नागपूरकर म्हणाला, "अन् समोरून राँग साइडने ट्रॅक्टर आला तं?"

मुलगी लखनऊत वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. म्हणाली, "अंकल, वो आपसे पहले ब्रेक मारेगी."

"मग दिवसभर ब्रेकच मारत बसेल," नवरा म्हणाला. "लखनऊत ब्रेक मारणारा पोचत नाही. इथे समोरच्याच्या डोळ्यांत बघून गाडी काढावी लागते. तुझी गाडी कोणाच्या डोळ्यांत बघणार?"

"बाबा, वो थकती नहीं, पीती नहीं, फ़ोन पे बात नहीं करती."

"आणि भंडारा लागला तर?" हा त्याचा हुकमी एक्का. लखनऊत जेठ महिन्यातल्या मंगळवारी, बड्या मंगलला, रस्तोरस्ती मांडव पडतात. येणाऱ्याजाणाऱ्याला, गाडीवाल्याला, सायकलवाल्याला अडवून पुरी-भाजी आणि सरबत देतात. नाही म्हणायची सोय नसते. "माणसं गाडीला आडवी येणार, ती म्हणणार अडथळा आहे, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहणार. तिला कळणार कसं की हे अडथळे नाहीत, यजमान आहेत?"

नागपूरकर खूश होऊन हसला. मुलगी "आप लोगों से बात करना बेकार है" म्हणून आत निघून गेली. मला तिघांचाही राग आला होता. मुलीने फोनवर पाहिलेल्या गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि ह्या दोघांचा स्वतःच्या पायांपलीकडे कशावरच विश्वास नव्हता. जन्मभर शेजारच्या सीटवर बसलेल्या मला कोणी विचारलंच नाही. मला चालकाविना गाडीची कसली भीती वाटणार होती? गाडीत बसायचं, कुठून न्यायचं ते दुसऱ्याने ठरवायचं आणि आपण काही सुचवलं तर कोणी ऐकायचं नाही, ह्याची मला चांगली सवय होती.

पुढे नागपूरकराच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याने आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली. आमच्याकडे पेढे घेऊन आला. नवरा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "छान आहे लिफ्ट. कितव्या मजल्यापर्यंत जाते?" तो बिचारा हसला. पण त्यानंतर रविवारचे पोहे कमी होत गेले.

साधारण त्याच सुमाराला नवऱ्याच्या गाडी चालवण्यात काहीतरी बदललं. सिग्नलला गाडी बंद पडायला लागली. त्याने क्लच प्लेट बदलून घेतली, तरी पडायचीच. मग पेडलला नावं ठेवून झाली. आणि चालवताना तो सारखा समोरच्या काट्यांकडे बघायला लागला. ज्याने जन्मभर काट्यांना खोटं ठरवलं तो दर मिनिटाला मान खाली घालतोय. मी ओरडायचे, "रस्त्याकडे बघ, त्या काट्यात काय ठेवलंय?" तो म्हणायचा, "वेग बघतोय. वेगाचे नियम असतात." मला आपलं वाटलं, वय झालं, शहाणपण आलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

त्या वर्षी जेठातल्या शेवटच्या मंगळवारी आम्ही मलिहाबादला गेलो होतो. दरवर्षी तिथल्या एका बागेतून दशहरी आंबे आणून नातेवाइकांना पाठवायचा आमचा परिपाठ होता. पेट्या घेऊन परतताना, भर दुपारी, रस्त्यात मांडव लागला. केशरी उपरणं घेतलेली दोन माणसं हात पसरून गाडीला आडवी आली.

"बाबूजी, प्रसाद लेके जाइए."

नवऱ्याला आनंद झाला. "बघ," मला म्हणाला, "आता इथे तुझ्या लेकीची गाडी काय करेल?" आणि गाडी बाजूला घेऊन, अनवाणीच, खाली उतरला. प्रसाद घ्यायचा म्हणजे चपला नकोतच, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. मांडवासमोर लोकांसाठी पाण्याने भिजवलेली पोती अंथरली होती. सगळे त्या पोत्यांवर दाटीवाटीने उभे होते. मीही चपला काढल्या, पाय पोत्याच्या बाहेर जरासा पडला आणि मी किंचाळून मागे झाले. डांबर अक्षरशः मऊ झालं होतं.

नवरा पोत्यावर नव्हता. पोत्यांपासून चांगला चार हात लांब, उघड्या डांबरावर, हातात द्रोण घेऊन उभा होता. बटाट्याची भाजी पुरीत भरत होता आणि उपरणंवाल्याला यंत्राच्या गाड्यांबद्दल समजावत होता. वाढणारी एक बाई म्हणाली, "बाबूजी, बोरे पर आ जाइए, पैर जल जाएँगे."

त्याने खाली पाहिलं. स्वतःच्या पायांकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाचे पाय असावेत तसं. मग दोन पावलं टाकून पोत्यावर आला आणि म्हणाला, "हाँ हाँ, बहुत गरम है."

तो खोटं बोलत होता. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तर मला कळतं. मला साखर आठवली. त्याला कितीतरी वर्षांपासून मधुमेह होता, आणि पायांची काळजी घ्या, बधिरपणा येतो, असं डॉक्टर दर वेळी बजावायचे. माझ्या हातातली पुरी तशीच राहिली.

गाडीत बसलो. त्याने उजवा पाय पेडलवर ठेवण्याआधी खाली वाकून बघितलं, पाय नीट पडलाय की नाही ते. मग काट्याकडे बघितलं. मग गाडी सुरू केली.

थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, "गाडी बाजूला घे."

"का?"

"घे म्हणते ना."

आंब्याच्या झाडाखाली त्याने गाडी थांबवली. मी विचारलं, "पाय कधीपासून कळत नाहीयेत?"

तो स्टिअरिंग धरून बसला होता. मग म्हणाला, "मागच्या दिवाळीपासून. डावा आधी. उजवा आता आता."

"आणि तू गाडी चालवतोयस?"

"आवाजावर चालवतो. आणि काट्यांवर. काटे बरोबर असतात, तसे."

माझं डोकं फिरलं. दिवाळीपासून हा मला, शेजाऱ्यांना, एकदा तर मिश्राइनच्या नातवंडांना मागे बसवून गावभर फिरला होता. मी तोंडाला येईल ते बोलले. माझ्या जिवाचं सोड, म्हटलं, रस्त्यावरच्या कोणाचा जीव गेला असता तर? शेवटी तो एवढंच म्हणाला, "सांगितलं असतं तर तू चालवू दिली नसतीस."

"नसतीच दिली."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मी नागपूरकराला फोन केला. तो ऑटो करून, घामाघूम होऊन आला. काय झालं ते मी दोन वाक्यांत सांगितलं. त्याने ना लिफ्टचा विषय काढला ना कसला, चालकाच्या बाजूचं दार उघडून नुसता उभा राहिला. नवरा उतरला आणि वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसला. ऑपरेशन झालेला गुडघा सांभाळत नागपूरकर क्लच दाबत होता, मी मागे, आंब्यांच्या पेट्यांशेजारी. घरी पोचल्यावर मी त्याचे पाय पाहिले. दोन्ही तळव्यांना रुपयाएवढे फोड आले होते आणि त्याला त्यांचा पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी जखमा धुऊन पट्ट्या बांधल्या, आणि गाडीचं विचारल्यावर नुसती नकाराची मान हलवली. पाय आता पूर्ववत होणार नाहीत, असं म्हणाले. नवऱ्याने त्यांना पुन्हा विचारलं नाही. मुलीला एवढ्यात काही सांगायचं नाही, असं मात्र त्याने मला दोनदा बजावलं.

त्या आठवड्यात मुलीचा नेहमीसारखा संध्याकाळचा फोन आला. नवरा पाय उशीवर ठेवून बसला होता. आंबे मिळाले का, पाऊस आहे का, वगैरे झालं. मग तो म्हणाला, "ती तुझी गाडी, आपोआप चालणारी. तिला पेडल असतात का गं?"

मुलगी हसली. फोनचा स्पीकर चालू होता, मला सगळं ऐकू येत होतं. "नई वाली में नहीं होंगे शायद. क्यों, बाबा?"

"सहज. आपल्याकडे यायला किती वर्षं लागतील?"

"लखनऊ में?" ती म्हणाली. "बाबा, सच बोलूँ? आप ही सही थे. हमारी सड़कों पर अभी बहुत टाइम है. बीस साल, तीस साल. शायद हमारे टाइम में तो न आए."

इतकी वर्षं भांडून तिने बापाला पहिल्यांदा बरोबर ठरवलं होतं, आणि त्यात तिला आनंद झाला होता, हे आवाजावरून कळत होतं.

"अच्छा," नवरा म्हणाला. "बरं. तरी अंदाजे, वीस धरायची?"

"बाबा, मज़ाक कर रहे हो ना?"

"हो गं. घे, आईशी बोल."

त्याने फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"आई, बाबा को हुआ क्या है?" ती विचारत होती.

सांगू नकोस म्हणून बजावलेलं होतं, आणि मला तर तिचाच राग आला होता. तिची काही चूक नव्हती, तरी आला होता. मी म्हटलं, "काही नाही झालं. पण दोन-तीन वर्षांत येईल, एवढं बोलली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं?"