आडवी डहाळी
“अबे, पाय हालून नाही राहिला माहा!” दरीतून माझा मित्र ओरडत होता. चाळीस वर्षं झाली, पण मोहफुलांचा आंबूस वास आला की मोहगावच्या डोंगरातली ती हाक अजून ऐकू येते. आमच्याकडे बंद झालेल्या पायवाटेच्या तोंडाशी डहाळी आडवी टाकतात. वाघसुद्धा मलाच रस्ता विचारतो म्हणणारा मी त्या दिवशी त्याच्या पुढं होतो. फाट्यावर बंद वाटेच्या तोंडाशी बसून बिडी ओढली आणि माशा हाकलायला नेमकी तिथलीच आडवी डहाळी उचलून चांगल्या वाटेनं निघून गेलो. मागून येणारा तो बंद वाटेनं उतरला आणि कोसळला. त्याचा पाय कायमचा गेला. दवाखान्यात मी छातीठोक सांगितलं, “डहाळी अस्वलानं नेली बे, म्हशीएवढं होतं!” भिंतीकडे पाहत तो म्हणाला, “तुह्या बिडीचं थोटूक पाहूनच मी त्या वाटेनं उतरलो.”