कडीसरांनी पाडलेली भिंत

ज्या कार्यालयात मी नऊ वर्षे झाडलोट केली आणि कपबश्या धुतल्या, त्याच कार्यालयात कडीसर संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत असत. आमची ओळख एवढीच, आणि तेवढ्या ओळखीवर मी हे लिहीत आहे. कडी हे त्यांचे आडनाव नव्हे. संध्याकाळी सर्वांत शेवटी निघताना ते प्रत्येक खिडकीची कडी हाताने ओढून पाहत, म्हणून सहकाऱ्यांनी ते नाव चेष्टेने पाडले होते. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी. ते मला मावशी म्हणत. मी प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागले हे कळल्यावर बाकीचे हसले. त्यांनी मात्र विचारले, "जोडाक्षरं सुरू झाली का?" आणि पुन्हा कामाला लागले.

आमची कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी एक प्रोग्रॅम विकत असे. दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर एक संगणक असतो आणि आत डॉक्टरांजवळ दुसरा. बाहेर रुग्णाचे नाव लिहिले की ते आत दिसले पाहिजे. परंतु प्रत्येक संगणकात परक्याला अडवणारी एक भिंत असते, तिला फायरवॉल म्हणतात. ती चोराला अडवते तशी शेजारच्या खोलीतल्या संगणकालाही अडवते. सेटिंगमध्ये जाऊन वाट करून देणे दवाखान्यातल्या माणसांना जमत नसे, म्हणून सरांनी ती सोय प्रोग्रॅममध्येच केली. प्रोग्रॅम आधी विचारी, "शेजारच्या संगणकासाठी एक खिडकी उघडू का?" होकार मिळाला तर तो त्या एकाच संगणकापुरती खिडकी उघडत असे. पुढे कोणी प्रोग्रॅम काढून टाकला, तर जाता जाता ती लावूनही घेई. या शेवटच्या भागासाठी सरांनी तीन आठवडे घेतले.

त्यांच्या शेजारी बसणाऱ्या उंच गृहस्थांना सगळे लांब्या म्हणत. ते म्हणाले, "अरे कडी, प्रोग्रॅम काढला म्हणजे गिऱ्हाईक गेलंच की. आता त्याची खिडकी उघडी राहिली काय नि लागली काय?"

"गिऱ्हाईक गेलं. त्याचं घर तिथंच आहे ना."

"धन्य आहे बाबा तुझी."

हा प्रोग्रॅम सर्वांत आधी घेणाऱ्या डॉक्टर म्हणजे सरांची थोरली बहीण, आक्का. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवले होते. ती एकदा कार्यालयात आली असता सर्वांदेखत म्हणाली, "हा घरी दूध तापवायचा तर गॅस तीनदा बघायचा. याच्या हातचं म्हटल्यावर मी डोळे मिटून घेतलं." सर लाजले.

पुढे अडचण अशी झाली की, पडद्यावर प्रश्न आला की लोक घाबरून नकार देत, आणि मग प्रोग्रॅम चालत नाही म्हणून कंपनीला फोन करीत. साहेब वैतागले. मी तेव्हा टेबल पुसत होते.

"विचारायचं कशाला लोकांना?" साहेब सरांना म्हणाले. "भिंतच खाली घे. प्रोग्रॅम चालू तोवर भिंत बंद, प्रोग्रॅम बंद केला की भिंत चालू. कुणाला कळणारही नाही."

"एका पाहुण्यासाठी सगळी भिंत पाडायची? आणि मध्येच वीज गेली तर ती उभी कोण करणार?"

"शुभ बोल नाऱ्या म्हटलं, तर म्हणे मांडवाला आग," साहेब म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

सरांनी दोन आठवडे ते काम हाती घेतले नाही. मग साहेबांनी सांगितले की तू लिहीत नसशील तर लांब्या लिहील. लांब्या ते एका दुपारीत उरकतील आणि भिंत पुन्हा उभी करायचे विसरतील, या भीतीने सरांनी स्वतःच लिहायला घेतले. दुसरा अधिक वाईट करील म्हणून आपण थोडे कमी वाईट करावे, हा विचार मला तेव्हा शहाणपणाचा वाटला होता. आज वाटत नाही.

दुसऱ्याच्या घरातली वस्तू जशी सापडली तशी ठेवावी, असा त्यांचा स्वभाव. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना भिंत चालू होती की बंद हे नोंदवून ठेवी, आणि निघताना ती तशीच करून जाई. भिंत आधीच बंद आढळली, तर ती चालू करू का, असा एक प्रश्न त्यांनी घातला होता. साहेबांनी तो काढायला लावला. "परत प्रश्न? परत फोन?" दवाखान्यांना काही कळवायचे नाही, अशीही ताकीद दिली.

चहा देताना मी सरांना विचारले, "आक्कांना सांगितलंत का?"

"तीनशे दवाखाने आहेत, मावशी. एकट्या आक्काला कसं सांगू? बाकीच्यांना भाऊ नाही म्हणून त्यांचं उघडं ठेवायचं?"

सर्वांना सांगण्याची परवानगी नव्हती आणि एकीला सांगणे त्यांना पटत नव्हते. त्यांनी कोणालाच सांगितले नाही.

चार महिन्यांनी आक्कांच्या भागात वीज गेली. तेव्हा प्रोग्रॅम चालू होता, म्हणजे भिंत खाली होती. वीज परत आल्यावर प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला, त्याने पाहिले की भिंत बंद आहे, आणि तसे नोंदवले. संध्याकाळी निघताना नोंदीप्रमाणे ती बंदच ठेवून गेला. असे रोज झाले. नवव्या दिवशी कोणी परका आत शिरला आणि अकरा वर्षांच्या नोंदी कुलूपबंद करून गेला. कोणाला कोणते औषध चालत नाही, कोणाची दाढ अर्धी कोरून ठेवली आहे, सगळे गेले. दुसरी प्रत त्याच संगणकाला जोडलेली होती, तीही गेली.

बैठक भरली. साहेबांनी प्रोग्रॅमच्या माथ्यावर असलेले, तो लिहिणाऱ्याचे नाव मोठ्याने वाचले आणि विचारले, "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"भिंत पाडायला तुला कुणी सांगितलं?"

सरांनी टेबलाभोवती एकेकाकडे पाहिले. जो तो आपल्या कपात पाहू लागला. हुकूम तोंडी होता, कागद नव्हता. मी ट्रे घेऊन दाराशी उभी होते. मी तो हुकूम माझ्या कानांनी ऐकला होता. माझी नोकरी मला हवी होती. सरांना त्याच दिवशी काढले.

नंतर मोरीपाशी लांब्या मला म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी, मावशी."

"मग आत का नाही बोललात?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

मी कपबश्या विसळायला घेतल्या.

सर आपल्या वस्तू पिशवीत भरत होते तेव्हा आक्का आली. ती बसली नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"चार महिने."

"गेल्या रविवारी माझ्याकडे जेवलास तू. दोनदा भात वाढून घेतलास."

"हो."

सर तिला आपली बाजू सांगतील म्हणून मी वाट पाहिली. तीनशे दवाखान्यांचे ते बोलले नाहीत, साहेबांचेही नाव घेतले नाही. आक्का जिना उतरून गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी बोललेली नाही. साहेबांना पुढच्या वर्षी मोठी खोली मिळाली. भिंत पाडणारा तो भाग काढून टाकायला लांब्यांना एक दुपार पुरली.

सर आता एका दुकानात प्रिंटरच्या डब्यांत शाई भरतात. बोटे कायम काळी असतात. परवा ते मला बस थांब्यावर भेटले. दाढ दुखते म्हणून मी गाल धरून उभी होते. कुठे निघालात, असे त्यांनी विचारले. मला दुसरा दवाखाना ठाऊक नव्हता, म्हणून आक्कांकडे निघाले आहे, असे खरे ते सांगितले.  बस आली तेव्हा ते म्हणाले,

"मावशी, तिच्या बाहेरच्या टेबलावर संगणक असतो. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ढालीचं छोटं चित्र आहे. त्याच्या शेजारी चालू लिहिलंय की बंद, तेवढं वाचून या. मी विचारलं म्हणून सांगू नका."