कृष्णातचा मोकळा सिंह

आमच्या कृष्णातला एकच खूळ व्हतं. सिंह बघायचा. पिंजऱ्यातला न्हाय, मोकळा! ल्हान असताना वडलांनी आम्हाला नेसरीहून कोल्हापुरात सर्कस बघायला आणलं. तिथला सिंह जाळीकडं पाठ करून झोपलेला. ह्यो पठ्ठ्या "उठ की, उठ की" म्हणत रडून लाल. सिंहानं शेपूटबी हलवलं न्हाय. तवापास्नं त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

मी बनाबाई, त्याची थोरली बहीण. मंगळवार पेठेत आमची खानावळ. भाकरी माझी, रस्सा त्याचा. लगीन ह्यानं केलंच न्हाय. टीव्हीवर जनावरांचं काही लागलं की पळी हातात घिऊन उभा, आन् इकडं कांदा करपायचा. मी खेकसायची, "सिंह काय ताटात वाढणार हाईस व्हय रं?"

दोन हजार तीन साली गुळाच्या व्यापाऱ्यांची मंडळी आफ्रिकेला निघाली. कुठलं तरी लांबचं जंगल. मोठ्या विमानातनं उतरून छोटं विमान, मग दिवसभर जीपमधनं धूळ खायची. त्यांचं म्होरकं गणपतराव, आमचं रोजचं गिऱ्हाईक. म्हणालं, "बनाबाई, तिकडचं बेचव आमच्या घशाखाली उतरायचं न्हाय. कृष्णातला आचारी म्हणून नेतो."

"आन् सिंह?" कृष्णातनं लगेच विचारलं.

"दावतो की! माझा शब्द हाय."

मग काय! गड्याचे पाय जमिनीला लागंनात. डब्यात चटणी भरताना शीळ काय घालायचा, भेटंल त्याला सांगत काय सुटायचा!

तिथं काय झालं ते त्यानं परत आल्यावर मला सांगितलं, एकदाच. मंडळी रोज पहाटं जीपनं जंगलात जायची, आन् ह्यो तंबूपाशी चुलीम्होरं. जीप एकच, जागा मोजक्या. पण गणपतराव शब्दाला जागले, खोटं कशाला बोलू? शेवटच्या दिवसासाठी म्हणाले, "उद्या माझ्या जागेवर तू बस. मी पडतो तंबूत."

आन् आमच्या शहाण्यानं काय करावं? त्याच सांजंला रश्श्याच्या वासानं तिथली माणसं चुलीजवळ आली. राखणदार, सामान वाहणारी, भांडी घासणारी बाई. ह्यानं हातवारे करून सगळ्यांस्नी आवतण दिलं, उद्या दुपारी जेवायला या म्हणून! कोल्हापूरचा माणूस. दारात आलेल्याला "जेवूनच जावा" म्हटल्याबिगर ह्याची जीभ गप बसंल व्हय? ती माणसं हसली, माना हलवल्या. ती गेल्यावर ह्याच्या ध्यानात आलं, की दुपारनंतर लगेच परत निघायचं हाय. म्हंजे चूल पहाटंच पेटवायला पायजे.

पहाटं जीप येऊन उभी राह्यली. गणपतराव वरडले, "आरं बस की! जेवण गेलं खड्ड्यात!"

"पावण्यांना सांगून बसलोय ओ. बोलवून उपाशी कसं धाडू?"

गणपतराव चिडले आन् स्वतःच जाऊन बसले. जीप गेली.

ह्यो कांदा भाजत व्हता, तेवढ्यात डरकाळी आली. अगदी जवळनं. पळी हातात तशीच, कुंपणापर्यंत पळत गेला. पल्याड नुसतं वाळलं गवत आन् जीपनं उडवलेली धूळ. कुंपणाभायेर पायी जायची बंदी. लई वाट बघितली, मग कांद्याचा करपलेला वास आला तसा मागं फिरला.

जीपवाल्यांनी बघितला. भरल्या आयाळीचा, वाटंतच उभा राह्यलेला. दुपारी पावणी पोटभर जेवली, बोटं चाटली. त्या भांडीवालीनं जाताना ह्याच्या डोक्यावर हात ठेवला म्हणं.

"मग पुण्य लागलं की रं तुला," मी म्हटलं.

तर हमसून रडायला लागला. "बनाक्का, रस्सा मी इथं रोज करतोय गं. सिंह तेवढा तिथंच व्हता."

गणपतरावांनी त्या सिंहाचा मोठा फोटो करून दिला. तो आम्ही खानावळीत टांगला. गिऱ्हाईक विचारायचं, "कृष्णातभाऊ, बघितलासा व्हय ह्यो?" कृष्णात म्हणायचा, "आमच्या गाडीनं बघितला." आन् रस्सा वाढायला वळायचा. लोकांनी ते व्हय धरलं. ह्यानंबी कधी न्हाय म्हटलं न्हाय. परत एकदा जाऊ या, असं मला म्हणायचा. पण खानावळवाल्याला परत कोण नेतंय? तेवढं भाग्य एकदाच दाराशी आलं, आन् ते ह्यानं चुलीत घातलं. मला अजून त्याचा राग येतो, आन् राग आला की रडू येतं.

दोन हजार आठला काळजाच्या दुखण्यानं गेला. पेठेतल्या पोरांनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स चौकात लावला. मधोमध कृष्णात, दात काढून हसतोय. आन् त्याच्या पाठीमागं फोटोतला तोच सिंह, ह्याच्या खांद्याला तोंड लागंल इतका जवळ. लोक म्हणाले, सिंह बघून आलेला माणूस, शोभतोय हां.

सिंह एवढ्या जवळ आलाय, आन् ह्यो येडा पुढं बघतोय, आमच्याकडं, जेवायला बोलवत असल्यावानी.

"आरं मागं बघ की!" भर चौकात मी वरडले. "कृष्णात, बाळा, मागं बघ!"