नावावरून झालेली चर्चा

मराठवाड्यातल्या विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून तिकडे वस्त्या जळत होत्या, तेव्हा मी पिंपरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. ज्यांचं नाव द्यायचं होतं, त्यांचा फोटो आमच्या दापोडीतल्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी होता.

आमच्या सरांनी त्याच विषयावर वर्गात चर्चा ठेवली. नामांतराच्या बाजूने मी बोलणार होते, विरोधात माझ्या बाकावरची मैत्रीण. तिचं घर मूळचं परभणीकडचं. वडील माझ्या वडिलांच्याच कंपनीत.

“बोल,” शिफ्टला निघताना वडील म्हणाले, “पण सुटल्यावर कुठं थांबू नको.” आईने माझा डबा भरला, उघडून पाहिला, परत बंद केला.

वर्ग गच्च भरला होता. दारात कधी न पाहिलेली मुलं उभी होती. तरी मी बोलले. खाली बसते न बसते तोच मागून आवाज आला, “सवलतीवर शिकता, आता विद्यापीठ पण पाहिजे व्हय?” हशा पिकला. सर नुसते टेबलावर डस्टर आपटत राहिले.

मैत्रीण उठली. म्हणाली, “हिचं म्हणणं मला खोडायचंय. पण असली बोलणी माझ्या बाजूने नकोत. कोण बोललं, त्यानं पुढं यावं.”

कुणी आलं नाही. मग ती बोलली, आणि चांगलं बोलली. “आमच्या भागाचं नाव आमच्या विद्यापीठाला आहे. ते काढायचं तर आम्हाला विचारायला नको?”

मला राहवलं नाही. “आणि घरं जाळली, ती कुणाला विचारून?”

“जाळणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये.”

“पण ते तुझंच म्हणणं घेऊन जाळतायत ना?”

तेवढ्यात तास संपला.

फाटकाशी ती मुलं सायकली घेऊन उभी होती. मैत्रिणीला रहाटणीकडे जायचं होतं, तरी ती माझ्याबरोबर स्टॉपपर्यंत आली.

“माझं मत बदललेलं नाही,” बस दिसल्यावर ती म्हणाली.

“माझंही नाही.”

“ठीक आहे. चढ आता.”

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या बाकावर जाऊन बसली. घरून तसं बजावलं होतं, हे तिनेच मला सांगितलं. पण कॉलेज सुटलं की मला बस मिळेपर्यंत ती स्टॉपवर उभी राहायची. ती मुलं पुन्हा दिसली नाहीत. तरी ते सबंध वर्ष मी बसमध्ये दाराजवळचीच जागा धरत होते.